रेझोल्यूटहून बाथर्स्ट बेटावर हेलिकॉप्टरने: वजन, इंधन आणि धुक्याचं गणित कसं मांडायचं?

दगडफूल

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये कॅनडाच्या नूनावुतमध्ये, बाथर्स्ट बेटाच्या आग्नेय भागात १६ दिवसांचा कॅम्प आहे. तळ रेझोल्यूट या वस्तीत, तिथून कॅम्प नकाशावर सुमारे १२० किमी. मध्ये मॅकडूगल साउंड हा समुद्राचा पट्टा ओलांडावा लागतो. चार माणसं आणि ६२० किलो सामान: तंबू, खाणं, चुलीचं इंधन, कायमगोठ (पर्माफ्रॉस्ट, वर्षभर गोठलेली) जमिनीत भोक पाडायचं ड्रिल, बॅटऱ्या, नमुन्यांचे कूलर. हेलिकॉप्टर एएस३५० बी२. ते रेझोल्यूटलाच राहील आणि ठरलेल्या दिवशी येऊन आम्हाला कॅम्पपासून ३०-४० किमीवरच्या ठिकाणी सोडेल, संध्याकाळी परत आणेल.

विचारायचंय ते असं:

१. एकूण किती फेऱ्या धरू?
२. कॅम्पवर इंधनाचे ड्रम ठेवावे लागतील असं सांगितलंय. किती, आणि ते कसे पोचतात?
३. दिवसभराच्या कामाला सोडतात तेव्हा सोबत किमान काय असावं? पाठीवरची एक पिशवी पुरेल का?
४. ड्रिलने काढलेले गोठलेल्या मातीचे दंडगोल नमुने (कोअर) न वितळता परत कसे आणायचे?

संशोधन परवाना, जमीन वापराचा परवाना वगैरे कागद झालेले आहेत, त्यात शिरू नका.

---

उत्तरायण

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकाच हिशेबात आहे. तो पायलट करणारच, पण तुम्हीही आधी कागदावर करा, म्हणजे रेझोल्यूटच्या धावपट्टीवर उभं राहून सामानातून काय काढायचं यावर वाद होणार नाहीत.

या यंत्राचं आतल्या भारासह कमाल उड्डाणवजन २२५० किलो. आणीबाणीत तगून राहायची पेटी, रेडिओ, स्किडखालच्या (यंत्र ज्या दांड्यांवर उभं राहतं त्यांच्याखालच्या) रुंद पट्ट्या असं सगळं लावलेलं रिकामं यंत्र १४०० किलो धरा. खरा आकडा प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो, तो विचारून घ्या. पायलट कपड्यांसकट १०० किलो.

आता इंधन. भरलेलं यंत्र ताशी २०० किमी धरलं तर १२० किमीला ३६ मिनिटं, जाऊन-येऊन १ तास १२ मिनिटं. तासाला १८० लिटर जळतं, म्हणजे २१६ लिटर. राखीव: दिवसाच्या दृश्य-उड्डाणाला (बाहेर डोळ्यांनी बघत केलेल्या) हेलिकॉप्टरसाठी कॅनडाचा नियम २० मिनिटांचा आहे, पण त्या भागात अर्ध्या तासाखाली कोणी शहाणा पायलट निघत नाही. ते ९० लिटर. एकूण ३०६ लिटर, लिटरला ०.८ किलोने २४५ किलो.

१४०० + १०० + २४५ = १७४५. उरले ५०५ किलो. त्यात तीन माणसं बसवली, बूट-कपड्यांसकट माणशी १०० किलो, की सामानाला २०५ किलो राहतात. दोनच बसवली तर ३०५.

म्हणजे कागदावर तुमचं काम दोन फेऱ्यांत होतं: प्रत्येक फेरीत दोन माणसं आणि ३०० किलो. २० किलो वर राहतात, ते काहीतरी घरी ठेवून भागेल. पण तीन फेऱ्यांचेच पैसे धरा. कारण खाली कोणीतरी सांगेलच.

वाऱ्याबद्दल एक गैरसमज नेहमी असतो, की जाताना समोरून आला तर येताना पाठीमागून येईल आणि फिटंफाट होईल. होत नाही. ताशी ७० किमी वारा असेल तर जाताना १३० च्या वेगाने ५५ मिनिटं, येताना २७० ने २७ मिनिटं. बेरीज ७२ च्या जागी ८२. तेवढं इंधन जास्त, तेवढं सामान कमी.

आणि बिल रिकाम्या फेरीचंही लागतं. त्यामुळे येणारं प्रत्येक हेलिकॉप्टर परत जाताना काय नेईल याची यादी तयार ठेवा: भरलेले नमुने, कचरा, रिकामे ड्रम.

---

मापारी

तीन फेऱ्या का, तर वजन संपायच्या आधी जागा संपते. झोपायच्या पिशव्या, फोमच्या चटया, रिकामे कूलर हे हलकं पण भरपूर जागा खाणारं सामान. ए-स्टारला (एएस३५० चंच दुसरं नाव) तीन डिक्या असतात. डावी १२० किलोपर्यंत, उजवी १०० किलोपर्यंत, मागची ८० किलोपर्यंत. बाकी सगळं मागच्या सीटवर जाळीखाली. ३०० किलो दगड मावतील, ३०० किलो तंबू आणि कूलर मावणार नाहीत.

भरण्याचे काही नियम आहेत, ते मोडले की पायलटचा पहिला अर्धा तास तुमचं सामान सोडवण्यात जातो:

- एकही नग २० किलोच्या वर नको. पंखा फिरत असताना वाकून, एका माणसाला उचलता आला पाहिजे.
- प्रत्येक नगावर दोन बाजूंना जाड मार्करने वजन. अंदाज नाही, काट्यावर केलेलं.
- कडक पेट्यांपेक्षा मऊ पिशव्या बऱ्या. पेटी एकाच तऱ्हेने बसते, पिशवी दाबून कुठेही जाते. उपकरणांपुरती पेटी.
- लोंबणारे पट्टे, दोऱ्या टेपने चिकटवून टाका.
- दोन मीटरपेक्षा लांब काहीही असेल (ड्रिलची दांडी, तंबूचे खांब) तर माप आधी कळवा. तिथे जाऊन सांगितलं तर ते बहुधा तिथेच राहतं.

स्वतःचं वजन खोटं सांगू नका. बूट, जड जाकीट आणि खिशातलं सामान धरून माणूस सहज १० किलोने वाढतो. चार माणसांचे ४० किलो म्हणजे तुमचं आठवडाभराचं खाणं.

---

बर्फाळ

ड्रमबद्दल लिहितो, कारण यात चूक झाली की इंजिन बंद पडतं.

एक ड्रम २०५ लिटरचा, भरलेला साधारण १८० किलो. तळाचं शेवटचं इंधन पंपाने घ्यायचं नसतं, म्हणून हिशेबात २०० लिटर धरा. म्हणजे एक ड्रम या यंत्राला तासाभराहून थोडं जास्त चालतो. तुमची दिवसाची कामगिरी बघा: सोडायला ४० किमी जाणं, परत येणं, संध्याकाळी पुन्हा तेच. १६० किमी, ४८ मिनिटं. शिवाय उतरणं-चढणं, जागा शोधत घिरट्या. दिवसाला एक ड्रम. हेलिकॉप्टर चार दिवस येणार असेल तर चार, आणि वर दोन राखीव. राखीव यासाठी, की रेझोल्यूट धुक्यात गेलं तर पायलटला तुमच्याकडे परत फिरता आलं पाहिजे, आणि नंतर निघताही आलं पाहिजे.

आता हे ड्रम हेलिकॉप्टरने न्यायचे म्हणाल तर गंमत बघा. खाली लोंबता भार असला की या यंत्राला ८० नॉटच्या वर जाता येत नाही, म्हणजे ताशी १४८ किमी. १२० किमीला ४९ मिनिटं, रिकामं परत ३६. एकूण ८५ मिनिटं, २५५ लिटर. एक ड्रम असा नेला तर २०० लिटर पोचवायला २५५ लिटर जाळले! बाहेरच्या भारासह कमाल वजन २५०० किलो असल्याने तीन ड्रम एका वेळी नेता येतात, तेव्हा जरा परवडतं. तरीही योग्य रस्ता म्हणजे ट्विन ऑटर विमान. एप्रिल-मेमध्ये जमिनीवर बर्फ असताना ते स्कीवर उतरतं आणि ड्रम टाकून जातं. जुलैमध्ये जाड टायरवर उतरेल, पण कोरडी, टणक, सरळ पट्टी लागते. तुमचा साठा वसंतात टाकला गेलाय का हे आजच विचारा.

साठवण: ड्रम आडवे ठेवायचे, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे आतून इंधनाने भिजलेली. उभा ड्रम ठेवला की वरच्या कडेत पावसाचं पाणी साचतं, रात्री गार होऊन ड्रम आकसला की ते पाणी बुचातून आत ओढलं जातं. आदल्या वर्षीचा साठा वापरायची वेळ आली तर तारीख आणि सील बघितल्याशिवाय हात लावू नका.

भरण्याआधी: ड्रम उभा करा, एका बाजूला खाली लाकडाचा ठोकळा देऊन किंचित तिरका. पंपाची नळी उंच बाजूच्या बुचातून. पाणी आणि गाळ खालच्या बाजूला बसतो. बसायला वेळ द्या. मीटरभर उंचीला तीन तास हा जुना ठोकताळा आहे. म्हणजे हेलिकॉप्टर यायच्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या ड्रम उभे करायचे, आवाज ऐकू आल्यावर नाही. मग पाणी तपासायची कॅप्सूल किंवा पेस्ट, ड्रम आणि यंत्र जोडणारी अर्थिंगची तार आधी, नळी नंतर, मधे पाणी अडवणारा फिल्टर. इंधनातलं चमचाभर पाणी गारठ्यात बर्फाचे कण होऊन फिल्टर बुजवू शकतं. हे सगळं पायलट किंवा त्याचा इंजिनिअर बघेलच, पण पंपाचा दांडा तुम्हीच हलवणार आहात.

आणि रिकामा ड्रमही ड्रमच असतो. तो परत आणायचा असतो. टुंड्रावर गंजत पडलेले जुने ड्रम आर्क्टिकमध्ये कमी नाहीत.

---

टेकडीवरचा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही". एक पिशवी पुरत नाही.

हेलिकॉप्टर जिथे सोडतं ती जागा तुमचा कॅम्प आहे असं धरून उतरायचं. चार तासांचं काम असो की चाळीस मिनिटांचं. दोन जण सोडले तर त्यांच्यासोबत: वाऱ्याला टिकणारा तंबू, माणशी झोपायची पिशवी आणि चटई, चूल, इंधन, भांडं, तीन दिवसांचं खाणं, उपग्रह फोन किंवा संदेशयंत्र आणि त्याची जास्तीची बॅटरी, बंदूक, प्रथमोपचार, एक सुटा जोड कोरडे कपडे. हे सगळं दोन पिवळ्या किंवा लाल पिशव्यांत विभागून ठेवा, दोन्ही मिळून ३० ते ३५ किलो होतात. त्या पिशव्या यंत्रातून पहिल्या खाली येतात आणि शेवटी वर चढतात. "पाच मिनिटांत येतो, बॅग राहू दे आत" हे वाक्य तिथे बंद.

हाच नियम पहिल्या दिवशी: पहिल्या फेरीत दोन माणसं आणि पूर्ण राहण्याची सोय, तंबू, चूल, बंदूक, फोन. ड्रिल आणि कूलर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत. धुकं दुसरी फेरी अडवू शकतं, आणि तेव्हा ड्रिलमध्ये झोपता येत नाही. परतीला उलट. शेवटच्या फेरीपर्यंत तंबू उभा.

जुलैत धुकं का, तर समुद्रावरचा बर्फ तुटलेला असतो, पाणी शून्याच्या आसपास, आणि वरून जरा उबदार, दमट हवा सरकली की खालचा थर गार होऊन ढग तयार होतो. त्याचा तळ कधीकधी शंभर मीटरच्या खाली. मंद वारा समुद्राकडून आला की तो जमिनीवर येऊन बसतो. किनाऱ्यालगतचा कॅम्प फोटोत छान दिसतो, पण धुकं तिथेच जास्त आणि अस्वलंही तिथेच जास्त. चार-पाच किलोमीटर आत, पण पठाराच्या माथ्याच्या खाली, अशी जागा बघा. १६ दिवसांच्या कॅम्पला २३ दिवसांचं खाणं ठेवा आणि परतीची विमानाची तिकिटं दुसऱ्या दिवशीची काढू नका.

सकाळी पायलट हवामान विचारेल तेव्हा "बरं दिसतंय" हे उत्तर नाही. आल्या दिवशीच कॅम्पभोवतीच्या चार-पाच टेकड्यांची उंची आणि अंतर नकाशावरून वहीत लिहा. मग सांगता येतं: "पूर्वेच्या १५० मीटरच्या टेकडीचा माथा दिसतो, तिच्यामागची २२० मीटरची ढगात. दक्षिणेला ८ किमीवरचा कडा स्पष्ट. वारा वायव्येकडून ताशी २० किमी. तापमान ३, दवबिंदू २. तासाभरापूर्वीपेक्षा ढग खाली." तापमान आणि दवबिंदू यांत दोनाहून कमी अंश उरले की धुकं दारात आहे असं समजा.

आणखी एक गोष्ट सांगायची असते, ती लोक विसरतात: उजेडात फरक कळतोय का? आकाश पांढरं, जमीन पांढरी, सावली नाही, असं झालं की उतार, खड्डा, क्षितिज काहीच वेगळं दिसत नाही. २५ एप्रिल २०२१ ला रेझोल्यूटच्या नैर्ऋत्येला ग्रिफिथ बेटावर एक एएस३५० बी२ ध्रुवीय अस्वलांच्या पाहणीहून परतताना बर्फाच्छादित जमिनीवर आदळलं, तिघंही गेले. यंत्र तेच, जागा रेझोल्यूटच्या दारात. जुलैत बर्फ बराच गेलेला असतो, पण पठारांवरचे पट्टे आणि ताजा भुरभुर बर्फ हेच करू शकतात. पायलट "आज नको" म्हणाला तर तो विषय तिथेच संपला. त्याला चिकटून "जरा बघून तर येऊ" म्हणणारा संशोधक हा त्या भागातला सगळ्यात धोकादायक प्राणी.

---

मापारी

टेकडीवरचा यांच्या यादीत एक जोडतो: अक्षांश-रेखांश कसे लिहिता ते. तुमचं जीपीएस दशांश अंशात दाखवत असेल तर ७५.३० म्हणजे ७५ अंश १८ मिनिटं. पायलट अंश आणि मिनिटांत काम करतो. त्याने ते ७५ अंश ३० मिनिटं वाचलं तर १२ मिनिटांचा फरक, म्हणजे १२ नॉटिकल मैल, म्हणजे २२ किमी उत्तरेला तो तुम्हाला शोधतोय. रेखांशात तीच चूक कमी नडते, कारण ७५ अंश उत्तरेला रेखांशाचा एक अंश २९ किमीच्या आतच संपतो. म्हणून जागा द्यायची ती अंश, मिनिटं आणि मिनिटांचे दशांश अशी, फोनवर अंक सुटे सुटे वाचून, आणि समोरच्याकडून परत म्हणवून घेऊन. नकाशाचा तुकडा छापून त्यावर खूण करून दिलीत तर उत्तमच.

होकायंत्रावर विसंबू नका. चुंबकीय ध्रुव त्या मानाने जवळ असल्याने सुई आळशी होते आणि भलतीकडे बघते. दिशा सांगताना नेहमी खऱ्या उत्तरेपासून.

उपग्रह फोन इरिडियमचा घ्या, त्याचे उपग्रह ध्रुवांवरून जातात. विषुववृत्तावर स्थिर असणाऱ्या उपग्रहांचा फोन ७५ अंशांवर क्षितिजाच्या जेमतेम सहा-सात अंश वर बघत असतो. दक्षिणेला एखादी टेकडी आली की संपलं.

---

दगडफूल

बापरे, खूपच उपयोगी. सामानाची यादी पुन्हा मांडतोय, आणि ड्रम वसंतात टाकलेत का हे विचारलंय.

आणखी दोन शंका. अस्वलांसाठी स्प्रे आणि बंदूक दोन्ही न्यायचंय, ते हेलिकॉप्टरमध्ये कसं ठेवतात? आणि साउंड ओलांडताना तो केशरी सूट (पाण्यात पडलो तर गारठ्यापासून वाचवणारा) खरंच घालावा लागतो का? फक्त थोडंसंच पाणी आहे ना मध्ये?

---

उत्तरायण

स्प्रे: प्रवाशांच्या जागेत कधीही नाही. डबा फुटला किंवा दाबला गेला तर पायलटला दिसणंच बंद होतं, आणि हेलिकॉप्टरला रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही. प्रत्येक डबा घट्ट झाकणाच्या नळकांड्यात, आणि ते बाहेरून उघडणाऱ्या डिकीत. चढण्याआधी पायलटला डबे मोजून दाखवा. खिशात एक राहून जातो, नेमका तोच महाग पडतो.

बंदूक: रिकामी, बोल्ट उघडा, पायलटला समोर दाखवून त्याच्या हातात. काडतुसं वेगळ्या पेटीत. उतरल्यावर यंत्र निघून गेल्यानंतरच भरायची. तुमच्यात कोणी कॅनडाबाहेरचं असेल आणि बंदूक हाताळणार असेल तर देशात शिरताना वेगळं घोषणापत्र लागतं, ते आधी बघा. खरं तर रेझोल्यूटमधला इन्युइट अस्वल-राखणदार सोबत घेणं सगळ्यात उत्तम. पाचवं माणूस म्हणजे १०० किलो वाढतात, पण बाकीच्या चौघांना मान खाली घालून काम करता येतं.

चुलीचं इंधन, गॅसची नळकांडी, लिथियमच्या मोठ्या बॅटऱ्या, आवाजाचे फटाके, नमुन्यांसाठीचा अल्कोहोल किंवा फॉर्मलिन: हे सगळं धोकादायक माल म्हणून आधी लेखी कळवायचं, प्रत्येकाचं प्रमाण लिहून. दुर्गम ठिकाणच्या उड्डाणांना कॅनडाच्या नियमांत सवलती आहेत, पण त्या चालवणाऱ्या कंपनीला आहेत, तुमच्या पिशवीत लपवलेल्या डब्याला नाहीत. कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) न्यायचा असेल तर तोही यात. बंद केबिनमध्ये त्याचा वायू साचतो.

सूट: हो, खरंच. पूर्ण चेन गळ्यापर्यंत लावून. "थोडंसं पाणी" शून्य अंशाचं आहे आणि वर तुटका बर्फ. ९ सप्टेंबर २०१३ ला मॅक्ल्यूर सामुद्रधुनीत बर्फफोड्या जहाजाचं एक बीओ-१०५ हेलिकॉप्टर पाण्यात पडलं. तिघंही बाहेर पडू शकले होते, तरी वाचले नाहीत. थंड पाण्यात बोटं काही मिनिटांत निकामी होतात, चेन लावायचं तेव्हा ठरवून चालत नाही. तोवर ती लागलेली असावी लागते. लाइफ जॅकेट घालून बसायचं, पण आत असताना फुगवायचं नाही. फुगलेलं जॅकेट बुडत्या केबिनमध्ये तुम्हाला छताला चिकटवून ठेवतं. दाराची कडी कुठल्या हाताला आहे ते बसल्याबसल्या डोळे मिटून एकदा चाचपा.

---

बर्फाळ

यंत्राजवळ वागण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पायलट निघण्याआधी सांगतो, पण ऐकणाऱ्याचं लक्ष तेव्हा कॅमेऱ्यात असतं.

पुढून किंवा बाजूने, पायलटला दिसेल असं यायचं, त्याने अंगठा दाखवल्यावर. मागे शेपटीकडे कधीही नाही, मागच्या डिकीतून काही काढायचं असलं तरी नाही. ते काम पायलट सांगेल तेव्हा आणि सांगेल तसंच. उतारावर यंत्र उभं असेल तर खालच्या बाजूने यायचं आणि खालच्या बाजूलाच जायचं. वरच्या बाजूला जमीन आणि पंखा यांच्यातलं अंतर माणसाच्या उंचीपेक्षा कमी असू शकतं. पंखा मंदावताना तर पातं वाऱ्याने आणखी खाली झुकतं, म्हणून "आता थांबतच आलाय" म्हणत पुढे जायचं नाही. टोपी हातात. लांब दांडी दोघांनी कमरेच्या उंचीवर आडवी धरायची, खांद्यावर कधीच नाही. उतरलात की पट्टा आत घेऊन लावून टाका. बाहेर लोंबलेला पट्टा उडताना दारावर आपटत राहतो.

पायलट पंखा चालू ठेवूनच माल चढवायला सांगेल. घाई म्हणून नाही. टर्बाइन किती वेळा चालू-बंद झालं याचीही मोजणी असते, आणि ओसाड जागी बंद केलेलं इंजिन परत सुरू न होण्याची शक्यता शून्य नसते.

उतरायची जागा: ३० बाय ३० मीटर मोकळी, शक्यतो सपाट, दगड-ढेकळं नसलेली, तंबूंपासून किमान ५० मीटर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. एका काठीला रंगीत फीत बांधा, वारा कळतो. चटया, ताडपत्र्या, रिकाम्या पिशव्या दगडाखाली किंवा तंबूत. उडालेली ताडपत्री पंख्यात गेली तर त्या दिवशी सगळेच चालत घरी जाणार, १२० किमी.

हेलिकॉप्टरखाली लोंबत्या जाळ्यातून भार न्यायचा असेल तर जड तळाशी मध्यभागी, हलकं वर, तोंड आवळून. हलका आणि मोठा भार सगळ्यात वाईट, तो वाऱ्यावर चढून शेपटीपर्यंत येऊ शकतो. त्याच कारणाने रिकामं जाळं खाली लोंबवून न्यायचं नाही, गुंडाळून आत. आणि जाळं अडकवायचा हुक खाली येताना त्यात स्थिर विद्युत साठलेली असते. आधी ते जमिनीला टेकू द्या, मग हातमोजे घालून धरा. झटका जोरदार बसतो.

---

टेकडीवरचा

कोअर राहिले.

सगळ्यात सोपं फ्रीजर तुमच्या पायाखाली आहे. जुलैत वरची ३० ते ५० सेंमी माती वितळलेली, खाली कायमगोठ. सावलीच्या उत्तर उतारावर गोठलेल्या थरापर्यंत खड्डा खणा, कोअर दुहेरी पिशवीत बंद करून कूलरमध्ये, कूलर खड्ड्यात, वर फोमची चटई आणि काढलेलं शेवाळ परत. खड्ड्यात पाणी झिरपतं, म्हणून कूलरचं झाकण टेपने बंद आणि तळाला दोन फळ्या. शेवाळाची ढलपी अखंड काढा, म्हणजे जाताना जागा पूर्ववत करता येते. हे तुमच्या जमिनीच्या परवान्यात बसतं का ते मात्र बघून घ्या.

ते खोल गोठवण नाही हे ध्यानात ठेवा. तिथे कोअर शून्याच्या जरा खाली राहतात, मोजमापाच्या आणि रसायनाच्या कामाला चालतं, डीएनएच्या कामाला चालणार नाही. त्यासाठी द्रव नायट्रोजन शोषून घेतलेला कोरडा कॅन लागतो, तो धोकादायक मालाच्या यादीत नोंदवा आणि उभाच ठेवा.

उचलायच्या दिवशी क्रम असा: रेझोल्यूटहून हेलिकॉप्टर निघालं हा फोन आला की मगच खड्डा उघडायचा. तुमच्या हातात ३६ मिनिटं असतात, तेवढी पुरतात. कूलरमध्ये रिकामी जागा राहू देऊ नका, कपडे कोंबा. डिकीत ठेवा, केबिनमध्ये गरम हवा चालू असते. रेझोल्यूटला फ्रीजरमध्ये जागा आधीच सांगून ठेवलेली हवी, आणि दक्षिणेकडच्या विमानात कूलर माणसांसोबतच चढतोय ना हे स्वतः बघा. माणसं पुढे आणि कूलर धावपट्टीवर, असं व्हायला वेळ लागत नाही.

---

दगडफूल

ड्रमचं उत्तर आलं: मे महिन्यात चार टाकलेत. बर्फाळ यांच्या हिशेबाने दोन कमी. कॅम्पवर येण्याचे दिवस चारावरून तीन करू का, की दोन ड्रम जाळ्यातून मागवू?

---

बर्फाळ

तीन दिवस करा. मग तीन ड्रम कामाचे आणि एक राखीव. आणखी राखीव हवेच असतील तर पहिल्या दिवसाची तिसरी फेरी जाळ्याची करा: आत माणूस नको, खाली दोन ड्रम आणि शिवाय उरलेलं जड सामान, ड्रिल वगैरे, एकूण ५५० किलोपर्यंत. फेरी तशीही होणारच होती. फक्त वेग ८० नॉटवर येतो, म्हणून त्या फेरीला ७२ ऐवजी ८५ मिनिटं धरा, आणि हलके कूलर पहिल्या दोन फेऱ्यांत आत भरून टाका.